वेसण तुटली की लावणी

नणंदेने भावजयीचं कौतुक करावं असा रिवाज आमच्या तोचिहारा गावात नाही, आणि माझ्या मते जगात कुठेच नसावा. तरी मी करणार आहे. नामिवहिनीला जाऊन वर्ष होत आलं. ती असती तर म्हणाली असती, "हात्सुए, एवढं गोड बोलतेस, काय हवंय?"

आमच्या गावाच्या पश्चिमेला उशिदाके डोंगर आहे. उशि म्हणजे बैल. हिवाळ्यात हा बैल दिसत नाही. समुद्राकडून येणारा वारा डोंगराला धडकतो आणि पाठीवरचं सगळं ओझं तिथंच टाकून मोकळा होतो; दोन माणसं उंचीचं बर्फ तर आमच्या अंगणात असतं, वर किती असेल ते देवीलाच ठाऊक. एप्रिल सरत आला की बर्फ उतरायला लागतं आणि पांढऱ्या कड्यावर काळा बैल उठायला लागतो. आधी पाठ येते, मग मान, मग शिंगं, शेवटी पाय. चारही पाय दिसले की चिखलणी करायची. पण रोपांना हात लावायचा नाही, कारण नाकापासून निघून मानेमागे जाणारी बर्फाची एक बारीक पांढरी रेघ तेव्हाही शाबूत असते. ती त्याची वेसण. वेसण तुटली की लावणी. त्याआधी लावलीत तर एखाद्या पहाटे दंव गोठतं आणि रोपं जळून जातात.

बैल सगळ्यांनाच दिसतो, पण लावणीचा दिवस सांगायचा मान आमच्या मोमोसे घराण्याचा. माझे वडील, गेन्जिरो, सकाळी सुपाचा वाडगा हातात घेऊन अंगणाच्या कडेला उभे राहायचे आणि सूप गार होईपर्यंत वर बघत बसायचे. मी त्यांच्या मागे उभी राहायची. नवव्या वर्षी मला सगळं पाठ होतं: कोणत्या वर्षी शिंगं कधी आली, कोणत्या वर्षी मागचा पाय आठ दिवस उशिरा सुटला. मी धडाधड म्हणून दाखवायची आणि वडील म्हणायचे, "पोरगी हुशार आहे, पण लग्न होऊन जायची." गेलेही. पाटाच्या पलीकडच्या घरात गेले, चाळीस पावलांवर. मी मोजली आहेत.

माझा भाऊ यासुतारो याला बायको मिळाली ती समुद्रकाठची. नामि म्हणजे लाट. डोंगरात लाट आणून सोडली म्हणून गाव हसलं होतं. मिठाच्या जुन्या वाटेने, नदीच्या काठाकाठाने, तीन दिवस चालत ती आमच्याकडे आली. तिच्या कमरेला कापडात बांधलेला एक चपटा, हिरवट काळा गोटा होता. तिच्या गावच्या किनाऱ्यावर तसे ढिगाने पडलेले असतात. थंडीत राखेत तापवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि पोटाशी धरून झोपायचं. येताना तिने काय केलं असेल, तर बाकीच्या नवऱ्या रडतात, ही तीन दिवस नदीतले दगड बघत आली. जसजसं वर यावं तसतसा तोच काळा दगड मोठा होत गेला आणि त्याच्या कडा धारदार होत गेल्या. उशिदाकेच्या पायथ्याशी पोचल्यावर मान वर करून माझ्या भावाला म्हणाली, "अहो, हा तर आमच्या गोट्यांचा बाप!"

चौदा वर्षांची होते मी तेव्हा. मला ती बाई मुळीच आवडली नाही.

भाऊ युद्धावर गेला तो परत आला नाही. वहिनीला मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले तर म्हणाली, सासऱ्यांना सूप कोण देणार? राहिली. युद्ध संपल्यावर तिसऱ्या वर्षी वडिलांनी तिला अंगणाच्या कडेला बोलावलं आणि बैल दाखवायला सुरुवात केली. मला कळलं तेव्हा मी चाळीस पावलं वीस पावलांत कापली.

"बाबा, मला सगळं पाठ आहे, तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुम्ही हिला शिकवताय? हिला पुढचा पाय कुठला आणि मागचा कुठला हे कळत नाही!"

"म्हणूनच," वडील म्हणाले. "तुला सगळं पाठ आहे. तिला काही पाठ नाही, म्हणून ती बघते."

हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं चघळत होते, आणि ते कधी मऊ झालं नाही.

ती बघायची हे मात्र खरं. वडिलांनी तिला सांगितलं, इथं वेसण असते. तिने विचारलं, इथंच का असते? वडिलांना सांगता येईना. त्यांच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं. मग हीच नदीवर जाऊन दगड फोडून बघायची. बैल काळ्या, गुळगुळीत दगडाचा आहे, त्याच्यावर बर्फ टिकत नाही, घसरतं, आणि उन्हाने तो लवकर तापतो. बाकीचा डोंगर पांढऱ्या, कणीदार दगडाचा. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर बर्फ बसून राहतं. दोन दगडांची जिथं सोयरीक होते तिथं दोन्ही चुरतात, पाणी तिथं घळ खोदतं, आणि त्या घळीत ऊन पोचत नाही. तीच वेसण. "म्हणजे वर रात्रीचं गोठायचं थांबलं की मगच ती तुटणार," वहिनी म्हणाली. वडील सूप प्यायचं विसरले होते. मी पाटापलीकडून कपडे वाळत घालता घालता सगळं ऐकलं आणि एक चादर जरा जोरात झटकली.

वडील गेल्यावर चार वर्षं तिने दिवस सांगितला, आणि चारही वर्षं तो बरोबर निघाला. पाचव्या वर्षी घोटाळा झाला.

त्या वर्षी वेसण बारा दिवस आधीच तुटली. बर्फ काही कमी पडलं नव्हतं, पण वसंतात गरम वारे खूप वाहिले होते, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. उलट सगळे खूश होते. लावणी लवकर आटपली की रेशमाच्या किड्यांकडे बघायला हात मोकळे होतात. वहिनी दोन सकाळी अंगणाच्या कडेला उभी राहिली. तिसऱ्या सकाळी गावप्रमुख ओहिनाताकाका स्वतः आले.

"काय गं नामि, तुटलेली वेसण काय जोडून घेणारेस का? साऱ्या गावाला दिसतेय."

"तुटलेली दिसतेय खरी," वहिनी म्हणाली.

"मग?"

तिने पुन्हा एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, "लावा."

बत्तीस घरांपैकी अकरा घरांची लावणी इर्जिक घालून, सगळ्यांनी एकमेकांच्या शेतात राबून, तीन दिवसांत उरकली. त्यात तिचं शेत होतं आणि आमचंही. चौथ्या पहाटे आकाश काचेसारखं स्वच्छ होतं, आणि उजाडल्यावर बाहेर आले तर बांधावरचं गवत पांढरं झालेलं. वहिनी आपल्या शेतात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि वरची पापुद्र्यासारखी बर्फाची साय बोटांनी मोडत होती. रोपांची पाती उकडल्यासारखी लोळागोळा झाली होती.

न्याहारीच्या आत ती बाकीच्या दहाही घरी जाऊन आली. प्रत्येक दारात कमरेत वाकून एवढंच म्हणायची, "दिवस मी सांगितला होता. माझं चुकलं." ती आमच्या दारात आली तेव्हा माझे यजमान, तेइकिचि, खोऱ्याचा दांडा ठोकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हे रोपांना सांग," ते म्हणाले.

ती पुन्हा वाकली आणि गेली. खोटं कशाला बोलू, आमचं शेत जळलं होतं तरी मला आतून कुठेतरी बरं वाटलं. बाबा, बघा तुमची बघणारी! हे बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं. दुपारी मी पायाचा चिखल धुवायला नदीच्या उतारावर गेले तर वहिनी तिथं दगडावर बसलेली. तिच्या मांडीत एक काळा दगड होता.

"वन्सं, याच्या कडेवरून बोट फिरवा."

मी फिरवलं आणि हात मागे घेतला. बोटाला रक्त आलं.

"किती धार आहे बघा. घरातून निघालेला ताजा दगड आहे हा, अजून प्रवास झाला नाही त्याचा. इथं असे शेकड्याने पडलेत. आणि आठ दिवसांमागे पाणी हिरवट गढूळ आलं होतं. मी ते पाहिलं होतं, वन्सं. पाहिलं आणि बर्फ वितळतंय म्हणून सोडून दिलं. सगळं गाव वर बघत होतं, मीही वरच बघत बसले."

"म्हणजे काय झालंय?"

"बैलाचा जबडा ढासळलाय, असं वाटतंय. दगडमाती वेसणीवर पडली असेल तर खालून ती तुटल्यासारखीच दिसणार. आतमध्ये बर्फ तसंच असेल तर अजून गोठतंय."

यात नुसती तिची अब्रू अडकलेली नव्हती. सकाळीच ओहिनाताकाकांनी ठरवलं होतं की साऱ्या गावातली उरलीसुरली रोपं गोळा करायची आणि अकरा घरांची लावणी परवा पुन्हा करायची. राहिलेली एकवीस घरंही त्याच दिवशी सुरू करणार होती. रेडिओवर गरमी वाढणार म्हणून सांगितलं होतं. रोपं बरोबर एकदा पुरतील एवढीच होती. ती गेली की तोचिहारात त्या साली भात नाही.

"उद्या मी वर जाऊन बघते," वहिनी म्हणाली.

"वर? कमानीच्या वर?"

जंगलाच्या वरच्या टोकाला लाल कमान आहे. तिच्यापुढे बायकांनी जायचं नाही. डोंगराची देवी स्वतः बाई आहे आणि तिला बायकांचा मत्सर वाटतो, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. म्हणून पुरुष वर जाताना तिच्यासाठी एक वाळवलेला, भयंकर कुरूप मासा नेतात. आपल्याहून वाईट थोबाड बघितलं की देवी खूश होते.

"वहिनी, वेडी झालीस? देवी बायकांचा मत्सर करते!"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. दिवसभराच्या चिखलाने माझा चेहरा माखलेला होता.

"तुम्ही कशाला घाबरता, वन्सं? मत्सर वाटावा असं तुमच्यात आहे तरी काय? चला बरोबर, मासा न्यायला नको."

त्या दिवशीसुद्धा तिला हे सुचलं! मी चिडून घरी आले. मग रात्रभर विचार केला की बाबांनी मला एकदाही वर नेलं नाही, नेलंच नसतं. आणि पहाटे यजमानांना सांगितलं, नेच्याचे कोंब खुडायला जाते. मे महिन्यात साऱ्या बायका त्यासाठी रानात जातात. त्यांनी कूस बदलली.

आम्ही दोघी सोयाबीनचं खारट मिसो फासलेले भाताचे गोळे आणि एकेक विळा घेऊन निघालो. जंगलात बर्फ अजून गुडघाभर होतं, पण प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती ते गोल विरघळून आळं झालेलं. कमानीपाशी वहिनी थांबली, हात जोडले, आणि म्हणाली, "आई, कामासाठी आलोय. नटलेलो नाही." आणि खाली वाकून पलीकडे गेली. मी डोळे मिटून गेले. काही झालं नाही. तिकडचा वारा तेवढा गार होता.

पुढे झाडं खुजी झाली, मग आडवीच वाढायला लागली, आणि मग नुसता दगड. पांढरा दगड पायाखाली खडीसाखरेसारखा चुरतो. एक पाऊल वर टाकलं की अर्धं मागे येतं. वहिनी पुढे होती. तिचं सगळं लहानपण वाळूत गेलेलं, त्यामुळे ती टाचा रोवत शांत चालली होती, आणि डोंगरातली मी दम टाकत तिच्या मागे. दहाच्या सुमारास दगडाचा रंग बदलला. काळा, हिरवट, ओला, तेल लावल्यासारखा निसरडा.

"इथं पाय जपून. हा धरून ठेवत नाही कोणाला," ती म्हणाली.

"बैल कुठाय?"

"बैलाच्या गालावर उभ्या आहात तुम्ही."

मी इकडेतिकडे पाहिलं. जवळून तो बैल नव्हताच. एक काळा उतार होता, त्याच्यावरून पाणी ओघळत होतं, आणि खाली ढगाच्या फटीतून आमचं गाव चटईच्या तुकड्याएवढं दिसत होतं. ज्याच्यासाठी मी लहानपणी इतकी रडले, आणि मोठेपणी एका बाईचा इतका राग केला, तो हा. मला हसूही आलं आणि रडूही. वहिनीने ते पाहिलं. तिने आपल्या बाहीने माझं नाक पुसलं आणि पुढे झाली.

तिचा अंदाज खरा होता. नाकाच्या खालचा एक मोठा कडा सुटून घळीत आला होता. तीसेक हात लांब दगडमातीचा थर पडला होता, आणि त्याच्या वर नि खाली बर्फाची रेघ पांढरीशुभ्र शाबूत होती. वहिनीने दोन दगड बाजूला सारले.

"घाला हात आत."

मी कोपरापर्यंत हात घातला. आत बर्फ होतं. तिने विळ्याचं टोक त्यात मारलं. भर दुपारी विळा आत जाईना, नुसता खणखण वाजला.

"तुटली नाहीये," ती म्हणाली. "झाकली गेलीय. इथं रात्री अजून घट्ट गोठतं. आकाश मोकळं असलं की इथला गारवा घळीतून सरळ खाली उतरतो आणि आपल्या शेतात जाऊन बसतो." मग ती नुसतीच त्या थराकडे बघत राहिली. "पण हे मी खाली जाऊन सांगितलं तर कोण ऐकेल? चार दिवसांमागे मीच त्यांना लावा म्हटलं होतं."

"मी सांगेन की."

"तुम्हाला कमानीच्या वर आणलं म्हणून उलट मार खाईन." तिने बाह्या वर केल्या. "चला, वेसण उघडी करू. त्यांनाच बघू दे."

काळा दगड निसरडा हे त्या दिवशी आमच्या पथ्यावर पडलं. एकदा हलवला की तो आपला आपण घसरत खाली जायचा. तरी चार तास लागले. आमची नखं तुटली, भाताचे गोळे तसेच राहिले. एक मोठी फरशी माझ्या हातून सुटली आणि तिच्याबरोबर मीही घसरायला लागले, तेव्हा ती ओरडली, "हात्सुए, धर!" आणि माझी मनगटं पकडली. मी वर आले. दोघी धापा टाकत बर्फावर बसलो. जरा वेळाने ती म्हणाली, "चुकून नाव घेतलं, वन्सं."

"राहू दे," मी म्हटलं. "नावच घे."

संध्याकाळी ओहिनाताकाकांच्या घरी बैठक होती, दुसऱ्या दिवशी कोणाकडे किती माणसं लागतील ते ठरवायला. वहिनी तशीच, मळक्या कपड्यांत, दाराशी गुडघे टेकून बसली आणि जे पाहिलं ते तिने सांगितलं. आणखी आठ-दहा दिवस लावू नका म्हणाली.

"बैल गेला आणि झोपा केला," काका म्हणाले. "हे आधी बघायचं होतंस, बाई."

"हो. आधी बघायचं होतं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मागून कोणीतरी पुटपुटलं. "आता म्हणे दगड पडला."

मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे ही कमानीच्या वर गेली होती?" एकदम गलका उठला. रोपं का जळली ते आता कळलं, असंही एकाने म्हटलं, जणू ती आधी वर गेली आणि मग दंव पडलं. वहिनी जमिनीकडे बघत होती. तेइकिचिंनी तिचे फुटलेले हात पाहिले, आणि मग चहा ओतणारे माझे हात.

"एकटीच गेली होतीस का?" त्यांनी तिला विचारलं.

"एकटीच," वहिनी म्हणाली.

चहाची किटली मी खाली ठेवली. बोलायला मी कधी घाबरले नाही. "मी होते बरोबर. मी बर्फाला हात लावलाय. विळा आत जात नाही. माझं शेतही जळलंय, मी कशाला खोटं बोलू?"

तेइकिचि माझ्याकडे बघत राहिले.

"आणि नेच्याचे कोंब?"

"मिळाले नाहीत."

कोणीतरी फिसकन हसलं, मग दोघं-तिघं हसले, आणि काकांनी हात वर केला. "उद्या सकाळी बघू. वेसण दिसली तर थांबायचं. नाही दिसली तर लावायची. आता घरी जा सगळे."

सकाळी डोंगर होताच कुठे? पायथ्यापर्यंत ढग. सारं गाव बांधावर उभं होतं, रोपांच्या जुड्या बांधून तयार, बायकांची डोकी फडक्यांनी बांधलेली. सात वाजले, आठ वाजले. नऊला काका म्हणाले, "किती वाट बघायची? देवीने तोंड फिरवलंय." त्यांनी एक जुडी उचलली आणि चिखलात पाय घातला. वहिनीने डोळे मिटून घेतले होते.

ढग खालून उठायला लागला. आधी जंगल दिसलं, मग पाय, मग पोट. मग मान. आणि मग नाकापासून मानेमागे, एकसंध, पांढरी वेसण. काल तीच वेसण तुटलेली बत्तीस घरांनी आपल्या डोळ्यांनी बघितली होती.

काकांनी जुडी परत पाण्यात ठेवली. "रोपं वाफ्यात नेऊन झाका," ते म्हणाले, आणि पाय चिखलातून काढताना त्यांची एक चप्पल आत राहिली. ती काढून द्यायला वहिनीच वाकली.

चार दिवसांनी पुन्हा दंव गोठलं. वाफ्यातली रोपं पेंढ्याखाली सुखरूप होती. दहाव्या दिवशी वेसण तुटली, या वेळी खरोखर, वितळून. आणि त्याच्याही नंतर वहिनी नदीवर जाऊन आली आणि मगच "लावा" म्हणाली. त्या साली पीक काही उत्तम नव्हतं. पोटापुरतं झालं, आणि कोणाच्या घरात भाताशिवाय नवं वर्ष गेलं नाही.

तेव्हापासून दरवर्षी एप्रिल संपताना घरटी एक माणूस वर जातं आणि पडलेले दगड काढून वेसण मोकळी करतं. बायकाही जातात. देवीने आजवर कोणाला काही केलेलं नाही. ओहिनाताकाकांचा गुडघा धरला होता, पण तो आधीपासूनच दुखायचा. कुरूप मासा अजून नेतात. वहिनी तो नेताना दरवेळी माझ्याकडे बघायची.

ती शहाणी होती, पण शहाणपणाचा आव तिने कधी आणला नाही. पुढे शेतकीखात्याचे लोक वह्या घेऊन तिच्याकडे यायचे. ती त्यांना मुळ्याच्या पाल्याचं लोणचं खायला घालायची आणि पहिल्यांदा तीच गोष्ट सांगायची, ज्या वर्षी तिचं चुकलं ती. मी म्हणायचे, "अगं, बाकीची पन्नास वर्षं सांग की!" ती म्हणायची, "त्यात शिकण्यासारखं काय आहे?"

शेवटच्या सात-आठ वर्षांत तिच्या डोळ्यांत पडदा आला. बैल दिसेना. मग रोज सकाळी चाळीस पावलं चालून मी तिच्या अंगणाच्या कडेला उभी राहायची आणि ती ओटीवर तो गोटा पोटाशी धरून बसायची.

"पाठ आली?"

"आली."

"मान?"

"अर्धी. खालच्या बाजूला ढग आहे."

"ढग चिकटलाय की चाललाय?"

असं सगळं ती माझ्याकडून काढून घ्यायची. मला पाठ होतं ते सांगायला लागले की थांबवायची: "मागच्या वर्षीचं नको. आजचं सांग." आणि वेसण तुटली म्हणून सांगितलं की हमखास विचारायची, "पाणी पाहिलंस?" मी वैतागायचे. "अगं, एवढं लख्ख दिसतंय, पाणी कशाला?" ती गोटा कुरवाळत बसायची, आणि मी पाय आपटत नदीवर जायची. गेल्या वर्षी लावणी झाली आणि आठ दिवसांनी झोपेतच गेली. गोटा हातात होता. अजून कोमट होता.

या वर्षी बैल एकटीने बघितला. आता यंत्रं आली, रोपं तयार मिळतात, पोरं कॅलेंडर बघून लावणी करतात, असं आपण समजतो. पण परवा सकाळी सात वाजता ओहिनाताकाकांचा मुलगा, जो आता गावप्रमुख आहे आणि स्वतः आजोबा झालाय, माझ्या दारात टोपी काढून उभा राहिला.

"हात्सुएकाकू, वेसण तुटलीय. सगळे थांबलेत. दिवस तुम्ही सांगायचा."

नऊ वर्षांची होते तेव्हापासून मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. सहासष्ट वर्षं झाली. मला सगळं पाठ आहे, आणि वेसण तुटलेली माझ्या डोळ्यांनी पहाटेच पाहिली होती. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "थांब जरा, मी आलेच."

काठी घेऊन नदीवर गेले. उतरायला वेळ लागला. पाणी नितळ होतं, तळ दिसत होता. वाकून एक काळा दगड उचलला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, पुष्कळ प्रवास झालेला. आणखी दोन उचलून बघितले, तेही तसेच. तिथं कोणी नव्हतं, तरी मी मोठ्याने म्हटलं, "पाहिलं गं वहिनी, पाणी पाहिलं."

मग घरी येऊन त्याला सांगितलं, "लावा."